गरोदरपणात मशेरी-दारू सोडवणाऱ्या कार्यक्रमाचं मोजमाप कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा: कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात, तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, एक संस्था दोन वर्षं गरोदर बायांना मशेरी (भाजलेल्या तंबाखूची दातांना लावायची पूड), तंबाखू आणि दारू सोडायला मदत करते आहे. आशाताईंमार्फत गृहभेटी, समुपदेशन, महिन्यातून एक बैठक असं कामाचं स्वरूप. दीडशेच्या आसपास बाया नोंदल्या गेल्या. आता देणगीदाराला 'यशाची टक्केवारी' हवी आहे, शिवाय बाळांची वजनं वाढली असं दाखवून हवं आहे. मूल्यमापन कसं करावं?

वजनाचं आश्वासन दिलं असेल तर ते आधी मागे घ्या. मुंबईत १२१७ गरोदर महिलांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. एवढा फरक आकड्यांत पकडायला किती बाया लागतात ते पाहा. बाळांच्या वजनाचं प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून किती पसरलेली असतात त्याचं माप) ४२० ग्रॅम धरलं आणि नेहमीचे निकष लावले (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के, नसताना सापडल्यासारखा वाटण्याची ५ टक्के), तर कार्यक्रमाच्या गटात सुमारे २५० आणि तुलनेच्या गटात २५० बाया लागतात. त्यातही १०५ ग्रॅम हा वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायांमधला फरक आहे. तुमच्याकडे नोंदलेल्या सगळ्या काही सोडत नाहीत आणि सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पाचव्या-सहाव्या महिन्यात सोडतात. म्हणून दिसण्याजोगा फरक याच्या निम्माही नसेल. फरक निम्मा झाला की लागणाऱ्या बाया चौपट होतात, म्हणजे प्रत्येक गटात हजार. दीडशे नोंदींत वजन वाढलेलं दिसलं तरी तो योगायोग असू शकतो आणि न दिसलं तरी कार्यक्रम फसला असं ठरत नाही.

तरीही वजनं मांडायचीच असतील तर आधी ती कशी नोंदली गेली ते तपासा. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर शेवटी दोन शून्यं असलेली वजनं दहांत एखादंच असायला हवीत. दहांत सहा-सात तशी असतील तर ती डोळ्याच्या अंदाजाने लिहिलेली आहेत. २५०० ग्रॅमच्या खाली बाळ कमी वजनाचं ठरतं आणि वरून विचारणा होते, त्यामुळे २४०० चे २५०० होण्याकडे कल असतो. त्या एका आकड्यावर साचलेला ढीग दिसला तर 'कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण' हा निर्देशक सरळ गाळा.

मग मोजायचं काय? तुमच्या आवाक्यातलं आणि कामाचं आहे ते म्हणजे वापर थांबला का, किती काळ थांबला, कोणाचा थांबला नाही आणि का. या सगळ्याचा जीव एकाच गोष्टीत आहे. खरं बोलल्याने आपलं काही बिघडणार नाही, अशी बाईची खात्री पटली पाहिजे. ती पटली नसेल तर 'सोडली हो' हे उत्तर सासूला, आशाताईला आणि डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं, आणि त्यावर कितीही सुबक तक्ते मांडले तरी ते पोकळच.

कोकणात चूक पहिल्याच प्रश्नापासून सुरू होते. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की मशेरी लावणारी बाई 'नाही' म्हणते आणि तिच्या लेखी ते खोटं नसतं. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली पूड ही तिच्यासाठी दात घासायची वस्तू आहे, व्यसन नव्हे. म्हणून सुरुवात दातांपासून करा: सकाळी दात कशाने घासता? त्यानंतर दिवसभरात पुन्हा कधी लावता, जेवल्यावर, शौचाला जाण्याआधी, कामावर? एकदा लावली की किती वेळ तोंडात असते? डबी विकत आणता की घरी भाजता, आणि एक डबी किती दिवस पुरते? शक्य असेल तर डबी छोट्या काट्यावर तोला. दिवसाला 'थोडीशी' म्हणणाऱ्या दोघींच्या डब्यांत तिप्पट फरक असू शकतो. हे झाल्यावर तपकीर, गुल (तंबाखूची दंतपूड), पानातली तंबाखू, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी) एकेक नाव घेऊन वेगळं विचारा. सुरुवातीच्या पाहणीत 'तंबाखू' आणि शेवटच्या पाहणीत 'मशेरी' असा शब्द बदलला असेल तर त्या दोन पाहण्यांची तुलना करताच येत नाही. शब्द तेच, क्रम तोच ठेवा. प्रश्न बोलीत नेऊन पाहा: सिंधुदुर्गात मालवणीत, संगमेश्वराकडे तिथल्या बोलीत, रायगडच्या कोळीवाड्यांत कोळी बोलीत, मोहल्ल्यांत तिथल्या कोकणीत. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही पुस्तकी मिळतं.

दारूचं माप आणखी अवघड. भारतात एक प्रमाणित पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. हिशेब असा: मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७८९. म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या विदेशी बनावटीच्या दारूची १८० मिलिलिटरची क्वार्टर सुमारे ६१ ग्रॅम, सहा पेयं. गावठी, माडी किंवा दोडामार्ग-बांद्याकडची काजूची दारू यांची ताकद दर भट्टीला आणि दर दिवसाला बदलते, तिथे ग्रॅमचा आव आणू नका. घरातला नेहमीचा ग्लास मागा, पाणी भरून मापा, 'आठवड्यात किती दिवस, दिवसाला किती ग्लास' एवढंच लिहा. गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण माहीत नाही, त्यामुळे 'मर्यादेत पिते' असा रकानाच ठेवू नका.

'सोडली का?' हा हो-नाहीचा प्रश्न टाळा. 'गेल्या सात दिवसांत किती दिवस लावली?' असा विचारा. सात दिवसांचा हिशेब बाईला पटकन लागतो. मागच्या महिन्यांसाठी कॅलेंडर पुढ्यात ठेवा आणि बाजाराचा वार, एकादशी, गणपती, शिमगा, जत्रा, लग्नकार्य अशा खुणांवरून मागे जा. 'गणपतीच्या वेळी मुंबईची माणसं घरात होती तेव्हा?' या प्रश्नावर जेवढं आठवतं तेवढं 'सप्टेंबरात?' या प्रश्नावर आठवत नाही.

विचारणारी व्यक्ती समुपदेशक नको. तिने महिनोन्‌महिने समजावलेलं असतं, तिला 'नाही सुटली' सांगणं बाईला जड जातं. त्याच गावची आशाताईही नको. ती शेजारीण असते, नात्यातली असते, आणि ती स्वतः मशेरी लावत असेल तर संभाषणाला वेगळंच वळण लागतं. (हा मुद्दा आशाताईंना दोष देण्यासाठी नाही. त्यांनाही सोडायची मदत मिळाली का, हे मूल्यमापनात जरूर पाहा, कारण लपवून लावणारी आशाताई हा विषय वाडीत मोकळेपणाने काढूच शकत नाही.) शेजारच्या तालुक्यातली, बोली जाणणारी, वयाने फार लहान नसलेली बाई उत्तम. वेळ दुपारची, घरातले झोपलेले असताना किंवा बाई काजू कारखान्यातून, मासळी विकून परतल्यावर. सासू शेजारी बसली असेल तर त्या दिवशी खाण्यापिण्याचं विचारून निघून या आणि पुन्हा जा. गटचर्चेत कार्यक्रमाबद्दलच्या तक्रारी मिळतात, वापराबद्दलचं खरं मिळत नाही.

आशाताईंना 'सुटलेल्या' बाईमागे मोबदला ठेवला असेल तर तो मूल्यमापन सुरू होण्याआधी बंद करा. मोबदला भेट झाली, नोंद पूर्ण झाली यावर द्या. निकालावर पैसे ठेवले की निकाल फुगतोच, आणि त्यात माणसाची बदमाशी नसते, रचनेचा दोष असतो.

तोंडी उत्तरांना आधार म्हणून काहीजणींची तपासणी करता येते. तंबाखूतलं निकोटिन शरीरात मोडून कोटिनिन तयार होतं आणि ते लाळेत व लघवीत सापडतं. एरवी रक्तातलं कोटिनिन निम्मं व्हायला सोळा-सतरा तास लागतात. गरोदरपणात शरीर ते झपाट्याने बाहेर टाकतं आणि हाच वेळ नऊ तासांच्या आसपास येतो. म्हणजे चाचणी फार तर शेवटच्या दोन दिवसांचं सांगेल, 'महिनाभर सोडली' याची साक्ष देणार नाही. घरात दुसरं कुणी मशेरी भाजत असेल तर धुरातून थोडं कोटिनिन येतंच. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगगम दिला असेल तर चाचणी वापर दाखवणारच. हे दोन प्रश्न नमुना घेण्याआधी विचारून लिहा. फुंकर मारायचं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र इथे उपयोगाचं नाही. ते विडी-सिगारेट पकडतं, मशेरी नाही, आणि चुलीपुढे तासभर बसलेल्या बाईचा आकडा भलताच वर दाखवतं.

तपासणी सगळ्यांची करू नका. 'सोडली' म्हणणाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून तिसरा हिस्सा निवडा, 'लावते' म्हणणाऱ्यांपैकी पाच-दहा घ्या म्हणजे चाचणी नीट पकडते का तेही कळेल. नमुन्यावर नाव नको, क्रमांक घाला. निकाल समुपदेशकाला, आशाताईला, घरच्यांना कळता कामा नये. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत घेतलेल्या लघवीवर गुपचूप ही चाचणी करणं हा विश्वासघात आहे, कुणी सुचवलं तरी ठाम नकार द्या. हे काम सुरू करण्याआधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी घ्या. त्या तत्त्वांत गरोदर महिलांसाठी जादा काळजीची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

आता टक्केवारीकडे. सगळ्यात मोठी फसगत भागाकाराच्या खालच्या आकड्यात असते. समजा १५० नोंदल्या, शेवटी ११० भेटल्या, त्यांतल्या ६६ म्हणाल्या सोडली. ६६ भागिले ११० म्हणजे ६० टक्के, आणि अहवालात हाच आकडा झळकतो. पण न भेटलेल्या ४० जणी कुठे गेल्या? त्यांना 'अजून वापरतात' असं धरलं की ६६ भागिले १५०, म्हणजे ४४ टक्के. चाचणीत 'सोडली' म्हणणाऱ्या चौघींपैकी एकीच्या लाळेत कोटिनिन निघालं तर ६६ च्या साधारण ५० उरतात, म्हणजे ३३ टक्के. तिन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी छापा, पहिल्या पानावर शेवटचा. दीडशे बायांच्या आधारे काढलेल्या अशा टक्केवारीत सात-आठ टक्क्यांची कमीजास्त अनिश्चितता असतेच, ती ओळही तिथेच लिहा.

न भेटलेल्यांना 'वापरतात' असं धरणं कठोर वाटेल, आणि कोकणात तर त्यावर एक खरा आक्षेप आहे: पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. काहीजणी मुंबई, विरार, नालासोपाऱ्याला नवऱ्याकडे जातात. त्या हरवलेल्या नसतात, फक्त तुमच्या हद्दीबाहेर असतात. म्हणून नोंदणीच्या दिवशीच दोन पत्ते घ्या, सासरचा आणि माहेरचा, आणि जमल्यास तीन फोन. फोन बहुधा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. कोण उचलेल ते ठाऊक नसतं, त्यामुळे बाईशी आधीच एक साधं वाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ 'लसीची आठवण करायला फोन केला'. मशेरी किंवा दारू हा शब्द ती स्वतः बोलत नाही तोवर फोनवर काढायचा नाही. तिची परवानगी असेल तर माहेरच्या आशाताईशी जोडून द्या. एवढं करूनही न सापडलेल्यांची यादी कारणासह ठेवा: माहेर, स्थलांतर, गर्भपात, बाळ दगावलं, नकार, पत्ताच चुकीचा. नकार देणाऱ्यांचा आणि दुःख झालेल्यांचा रकाना वेगळा हवा. ज्या बाईचं बाळ गेलं तिच्याकडे प्रश्नावली घेऊन जाणं क्रूर आहे. तिथे मदत घेऊन जा आणि तिची नोंद आरोग्य केंद्राच्या कागदांवरून पूर्ण करा.

पुढचा प्रश्न श्रेयाचा. मळमळ सुरू झाली की काहीजणी आपणहून मशेरी टाकतात, काहीजणी उलट मळमळ दाबायला ती वाढवतात. कार्यक्रम नसता तरी यातल्या किती थांबल्या असत्या, हे कळल्याशिवाय तुमचा वाटा कळत नाही. कार्यक्रम आता नव्या उपकेंद्रांत पसरणार असेल तर उत्तम संधी आहे. समजा १२ उपकेंद्रं बाकी आहेत. चिठ्ठ्या टाकून चार-चारचे तीन गट करा, चार-चार महिन्यांच्या अंतराने सुरू करा, आणि ज्यांची पाळी यायची आहे त्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून करा. कुणालाही वंचित न ठेवता तुलना मिळते. कार्यक्रम सगळीकडे आधीच चालू असेल तर शेजारच्या आरोग्य केंद्राची हद्द घ्या, पण सारखीला सारखी जोडा. खलाटीतल्या मासेमारीच्या गावाची तुलना वलाटीतल्या भातशेतीच्या गावाशी करू नका. समजा तुमच्याकडे १०० वापरणाऱ्यांपैकी ४० थांबल्या आणि शेजारी १०० पैकी २२. मग कार्यक्रमाचा वाटा १८, चाळीस नव्हे. खर्चही याच आकड्याने भागा. दोन वर्षांत ९ लाख रुपये लागले आणि १५० बायांमागे १८ टक्क्यांनी २७ जणी जादा थांबल्या, तर एका बाईमागे सुमारे ३३ हजार. आशाताईंचे आणि सहायिका परिचारिकांचे जादा तास त्यात धरले नसतील तर तो आकडाही अपुरा.

ऋतूची नोंद इथे फार महत्त्वाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पुरुष घरी असतात, हातात पैसा नसतो. जुलैत लावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई थकवा मारायला मशेरी लावते. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरातली पहिली पाहणी आणि जुलैतली शेवटची पाहणी यांच्यातला फरक कार्यक्रमाचा की पावसाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही पाहण्या त्याच महिन्यांत करा.

कार्यक्रम कागदावर जसा आहे तसा खरंच पोचला का, हे मी निकालाइतकंच महत्त्वाचं मानतो. निकाल वाईट आला तर कारण इथेच सापडतं. ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या ते मोजा आणि तारखा उलगडून पाहा. एकाच दिवशी खाडीच्या अल्याड-पल्याडच्या पाच वाड्यांत भेटी लिहिल्या असतील, किंवा सगळ्या भेटी महिनाअखेरीस पडल्या असतील, तर वही घरी बसून भरली आहे. दहांतल्या एका भेटीला निरीक्षक सोबत जाऊ द्या आणि पाच गोष्टी बघा: विचारलं का, स्पष्ट सल्ला दिला का, बाईची तयारी जाणून घेतली का, सोडायची ठोस मदत केली का, पुढची तारीख ठरली का. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन होतात आणि चौथी गळते. मदत म्हणजे 'मन घट्ट करा' नव्हे. ती बाई मशेरी कशासाठी लावते त्यावर उपाय मिळाला का, हे पाहा. दात दुखतो म्हणून लावत असेल तर दंतवैद्याकडे नेलं का? गरोदरपणात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, दातांचे उपचार करता येतात. पोट साफ होण्यासाठी लावत असेल तर इथे एक गाठ नेहमी सुटायची राहते. याच काळात तिला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी चालू असते आणि त्या गोळीने मलावरोध वाढतो. मशेरी बंद, गोळी चालू, पोट घट्ट. आठवड्याभरात ती एक तर मशेरीकडे परतते किंवा गोळी खिडकीबाहेर टाकते. गोळ्या सोडल्याने रक्त कमी झालं तर कार्यक्रमाने एक नुकसान टाळताना दुसरं ओढवलं. म्हणून मशेरी सोडणाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या मोजा, हिमोग्लोबिन पाहा, आणि पाणी, पालेभाजी, फळं, गरजेला डॉक्टरांचं औषध याबद्दल बोलणं झालं का ते तपासा. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी, तलफ सर्वांत जास्त असते. सोडायच्या तारखेनंतर तिसऱ्या दिवसाच्या आत एक भेट झाली का, हा एक निर्देशक पंधरा रकान्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

बदली वापरही पाहा. मशेरी सुटली आणि गुल किंवा तपकीर सुरू झाली तर तिला 'सुटलेली' म्हणायचं नाही. उलट सहा वेळांवरून दोन वेळांवर आलेली बाई 'अपयशी' नाही. तिचा वेगळा रकाना करा, पण तो सोडलेल्यांच्या बेरजेत मिसळू नका.

दारू पिणाऱ्या बाया तुमच्या यादीत थोड्या असतील, पाच, आठ, बारा. त्यांची टक्केवारी काढू नका. प्रत्येकीचं प्रकरण नाव झाकून, डॉक्टर आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून वाचा, आणि पहिला प्रश्न सुरक्षिततेचा ठेवा. रोज पिणाऱ्या, अवलंबून असलेल्या बाईला घरीच 'आजपासून बंद' सांगितलं गेलं का? शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रमाची अवस्था, जी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. सकाळी हात कापणाऱ्या बाईला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवलं का, नेलं कुणी, दाखल करून घेतलं का, बी-१ जीवनसत्त्व सुरू झालं का, परतल्यावर कोण भेटलं, हे तासांच्या हिशेबाने लिहा. जवळची जिल्हा रुग्णालयं अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला, मानसोपचारासाठी रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. पण पावसात घाटाखालच्या वाडीतून तिथवर पोचायला किती वेळ लागतो, हेही मोजमापात यायला हवं. आणखी एक विचारायलाच हवं: घरच्यांनी दारू सोडवायची गोळी चहातून किंवा आमटीतून गुपचूप दिली का? गरोदरपणात ते धोक्याचं आहे आणि घरात ते 'उपकार' समजून केलं जातं. एखादी बाई अफूजन्य पदार्थांवर असेल तर तेही अचानक तोडायचं नसतं. गरोदरपणात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणं हाच स्वीकृत मार्ग आहे.

अपाय शोधण्याची सवय कार्यक्रमांना नसते, ती मूल्यमापनाने लावावी. वापर उघड झाल्यावर घरात मारहाण झाली का? नोंद झाल्यावर बाईने गरोदरपणाच्या तपासण्यांना येणं कमी केलं का? हे तर आरोग्य केंद्राच्या नोंदींवरून सरळ मोजता येतं: नोंदणीआधीच्या आणि नंतरच्या ठरलेल्या तपासण्यांपैकी किती चुकल्या. माता व बाल संरक्षण कार्डावर वापराची नोंद केली असेल तर ती प्रथा लगेच थांबवा. ते कार्ड सासू, नवरा, शेजारी सगळे बघतात. मातृवंदना किंवा जननी सुरक्षा योजनेचे पैसे आणि 'सोडणं' यांची सांगड कुणी तोंडीसुद्धा घातली नाही ना, हे बायांकडूनच विचारून घ्या.

यादीत कोण आलंच नाही? सहायिका परिचारिकेकडची सगळ्या गरोदर बायांची यादी आणि तुमची वही वाडीनिहाय समोरासमोर ठेवा. धनगरवाडा, कातकरी वाडी, मोहल्ला, आंब्याच्या बागेत राहणारी नेपाळी कुटुंबं, तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाया, लग्न न झालेल्या मुली: शून्य कुठे आहे ते दिसेल. एकूण वापर किती असावा याचा अंदाज नावाशिवाय घेता येतो. ग्राम आरोग्य पोषण दिनाला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात एक चिंचोका आणि एक खडा द्या. आडोशाला झाकलेलं मडकं ठेवा. गेल्या सात दिवसांत मशेरी लावली असेल तर मडक्यात चिंचोका, नसेल तर खडा. उरलेला शेजारच्या दुसऱ्या झाकल्या मडक्यात टाकायचा, म्हणजे हातात काही राहत नाही. तीस-चाळीस बायांचं मिळून केलं की कुणाचंही नाव न घेता प्रमाण कळतं, आणि वहीतला आकडा त्याच्या किती मागे आहे तेही.

बाळंतपणानंतरचा पाठपुरावा ही सर्वांत दुर्लक्षिलेली बाजू. 'बाळासाठी' सोडलेली मशेरी बाळ झाल्यावर परत येते, रात्रीची जागरणं आणि कामाचा रेटा सुरू झाला की लवकरच. छत्तिसाव्या आठवड्याला मोजून थांबलात तर तुम्ही चित्राचा सर्वांत सुंदर क्षण टिपलात. वेगळ्या भेटी आखू नका, लसींना जोडा: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातेच, त्यांतल्या दोन भेटींत आईच्या मशेरीचा प्रश्न आणि मदत बसवता येते. बाईकडे मदतीचे क्रमांक होते का तेही विचारा: तंबाखूसाठी १८००-११-२३५६, नशामुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली मानस १४४१६. क्रमांक देणं वेगळं आणि तिला खासगीत फोन करायची सोय असणं वेगळं, दोन्ही लिहा.

अहवालात वाडीनिहाय तक्ता देताना पाचपेक्षा कमी बाया असलेला कोणताही रकाना छापू नका. वीस घरांच्या वाडीत 'दारू पिणारी: १' असं लिहिणं म्हणजे नाव लिहिणंच. क्रमांक आणि नावं जोडणारी वही वेगळ्या कुलपात, एकीच्याच ताब्यात, आणि काम संपल्यावर नष्ट करायची तारीख आधी ठरवून.

देणगीदाराला साधारण असं वाक्य लिहून पाठवा: 'नोंदलेल्या प्रत्येक १०० वापरणाऱ्यांपैकी इतक्या जणी बाळंतपणाआधी सात दिवस पूर्ण थांबलेल्या होत्या, इतक्या बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावरही थांबलेल्या आहेत, इतक्यांचा ठाव लागला नाही, आणि शेजारच्या हद्दीपेक्षा हे प्रमाण इतकं जास्त किंवा कमी आहे.' त्यात बाळाच्या वजनाचा शब्द नसेल, आणि समजूतदार देणगीदाराला तो नकोच असतो.

प्रश्नावली छापण्याआधी वहीतून ठाव न लागलेल्या बायांची नावं वेगळ्या कागदावर काढा. प्रत्येकीपुढे माहेरचं गाव, शेवटची भेट कधी झाली, लस कुठे लागणार आणि तिच्या बाजूने बोलणारं घरातलं एखादं माणूस कोण, एवढं भरा. जिथे चारही रकाने रिकामे राहतील तिथे त्या वाडीच्या आशाताईसोबत याच आठवड्यात जा.